माशांचें बालपण आणि नद्यांचें पाणी

शतपथब्राह्मणांतील मनु व मत्स्य यांची कथा वाचकांना ठाऊक असेलच. सकाळीं हात धुण्याकरितां आणलेल्या पाण्यांत एक चिमुकला मासा मनूच्या हातीं लागला आणि त्यानें अभयाची याचना केली. पुढें आलेला जलप्रलय, शिंगाला बांधलेली नौका व उत्तरेच्या पर्वतावर झालेली मनूची सुटका हा कथाभाग सर्वांच्या स्मरणांत राहतो. परंतु त्या माशाचें प्रारंभीचें मागणें सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. आम्ही लहान असतों तोंवरच आमचा नाश व्हावयाचा. तेव्हां मला प्रथम भांड्यांत ठेव, वाढलों म्हणजे खड्ड्यांत ठेव, आणि मोठा झाल्यावर समुद्रांत सोड, असें तें मागणें होतें. माशाच्या आयुष्यांत खरा धोका कोणत्या दिवसांत असतो हें ती कथा रचणाऱ्यानें अचूक हेरलें होतें, असें म्हटलें पाहिजे. त्याच्या दृष्टीसमोर धोका होता तो मोठ्या माशांचा. आज त्याच कोवळ्या दिवसांवर दुसरीं दोन संकटें आलीं आहेत, आणि तीं डोळ्यांना दिसत नाहींत. एक, पाण्यांतील प्राणवायूची उणीव. आणि दुसरें, शरीरांतील अंतःस्रावांची, म्हणजे ज्यांना हल्लीं हार्मोन किंवा संप्रेरकें म्हणतात त्यांची, नक्कल करणारीं अथवा त्यांच्या कामांत व्यत्यय आणणारीं द्रव्यें.

ज्यांच्या घरीं मत्स्याहार वर्ज्य आहे अशा वाचकांनीं हा विषय आपला नव्हे म्हणून पान उलटूं नये. मासा ज्या पाण्यांत वाढतो त्यांतील बरेंचसें पाणी आपल्याच मोरींतून, न्हाणीघरांतून आणि शौचकूपांतून पुढें गेलेलें असतें.

नदी बिघडली किंवा नाहीं हें ओळखण्याची आपली रीत अगदीं साधी आहे. मेलेले मासे पोट वर करून तरंगूं लागले, कांठावर दुर्गंधि सुटली, म्हणजे नदी बिघडली. मासे पुन्हां दिसूं लागले म्हणजे ती सुधारली. ही कसोटी खोटी नव्हे, परंतु ती अपुरी आहे. आणि ती किती अपुरी आहे हें लंडनच्या थेम्स नदीनें दाखवून दिलें. १८५८ सालच्या उन्हाळ्यांत या नदीची घाण इतकी असह्य झाली कीं, कांठावरील पार्लमेंटच्या सभासदांना बसवेना, आणि त्यानंतर बॅझलजेट या स्थापत्यविशारदाच्या देखरेखीखालीं शहराचीं प्रचंड भुयारी गटारें बांधली गेलीं. तरीसुद्धां पुढें शंभर वर्षांनीं, १९५७ सालीं, तेथील नॅचरल हिस्टरी म्युझियमनें थेम्सच्या शहरांतून वाहणाऱ्या पट्ट्याला जीवशास्त्रदृष्ट्या मृत ठरविलें. मैल्यावर वाढणारे सूक्ष्म जंतु पाण्यांतला प्राणवायु खाऊन टाकीत होते. त्यानंतर मैलाशुद्धीचीं केंद्रें सुधारण्यांत आलीं, पाण्यांत प्राणवायु परत आला, आणि १९७४ सालीं सामन जातीचा एक मासा थेम्समध्यें सांपडला. अशी गोष्ट १८३३ नंतर घडली नव्हती. लोकांना वाटलें, प्रश्न सुटला.

याच सुमारास, म्हणजे १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, थेम्सला मिळणाऱ्या ली नांवाच्या नदींत गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींना चमत्कारिक मासे मिळूं लागले. रोच नांवाचा रुपेरी, लालसर परांचा हा मासा इंग्लंडांत अगदीं सामान्य. तो दिसावयास धडधाकट होता, गळालाही नेहमींप्रमाणें लागत होता. परंतु त्याचें पोट चिरून पाहिलें असतां कांहींच्या शरीरांत नराचे वृषण व मादीचीं अंडीं हीं दोन्ही एकत्र आढळलीं. हे मासे मैलाशुद्धिकेंद्राच्या नळाखालच्या प्रवाहांतले होते. म्हणजे ज्या पाण्यामुळें नदी सुधारली असें मानलें गेलें, त्याच पाण्यांत ते वाढले होते.

या कोड्याचा पाठपुरावा पुढें जॉन सम्प्टर, सुझन जॉब्लिंग आणि त्यांचे सहकारी यांनीं केला. त्यांनीं वापरलेली कसोटी मोठी मार्मिक आहे. अंडीं घालणाऱ्या माशांत मादीचें यकृत व्हायटेलोजेनिन नांवाचें एक द्रव्य तयार करतें. तें रक्तांतून अंडाशयांत जातें आणि त्याचाच अंड्यांतला बलक होतो. हें द्रव्य बनविण्याचा हुकूम स्त्रीजातीय अंतःस्रावाकडून येतो. नराच्या यकृताला हें काम करतां येतें, पण त्याला तसा हुकूम कधीं मिळत नाहीं. त्यामुळें नराच्या रक्तांत हें द्रव्य जवळजवळ नसतें. तेव्हां पिंजऱ्यांत ट्राउट मासे ठेवून ते पिंजरे शुद्धिकेंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यांत सोडण्यांत आले. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून असें दिसलें कीं, त्या माशांच्या रक्तांतील व्हायटेलोजेनिन स्थळपरत्वें पांचशेंपासून एक लक्ष पटीपर्यंत वाढलें होतें. पाण्यांतून कोणी तरी हुकूम देत होतें, हें निश्चित झालें. १९९८ सालीं इंग्लंडांतील आठ नद्यांमधील रोच माशांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत कांहीं ठिकाणीं पकडलेल्या, नर म्हणाव्या अशा, प्रत्येक माशांत मादीच्या इंद्रियांचा कांहीं ना कांहीं अंश आढळला.

हुकूम देणारें तें कोण? शोध घेतां मुख्य द्रव्यें तीन निघालीं. त्यांपैकीं दोन, एस्ट्रोन व एस्ट्राडायोल, हीं कोणत्याही कारखान्यांत झालेलीं नव्हतीं. तीं स्त्रियांच्या शरीरांतून मूत्रावाटे स्वाभाविकपणें बाहेर पडणारीं होतीं. तिसरें, एथिनिलएस्ट्राडायोल, हें संततिनियमनाच्या गोळ्यांतलें. या तिसऱ्या द्रव्याचें नांव निघतांच वृत्तपत्रांनीं सारा दोष त्या गोळीवर आणि पर्यायानें ती घेणाऱ्या स्त्रियांवर टाकण्याची घाई केली. तें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. नैसर्गिक अंतःस्रावांचा वांटा त्यांत होताच, आणि कांहीं नद्यांत तर अपराधी निराळाच होता. यॉर्कशायरमधील एअर नदींत लोंकर धुण्याच्या कारखान्यांतून नोनिलफेनॉल नांवाचें द्रव्य येत असे. साबणासारख्या धुलाईच्या पदार्थांपासून तें निर्माण होतें, आणि त्याचा परिणाम माशांवर स्त्रीजातीय अंतःस्रावाप्रमाणेंच होतो. २००३ सालीं युरोपीय संघानें त्याच्या वापरावर कडक निर्बंध घातले.

परंतु इतक्या अल्प द्रव्यानें नदींतल्या एकूण माशांचें खरोखर कांहीं बिघडतें काय, असा आक्षेप घेतला जाई. त्याला उत्तर कॅनडांत मिळालें. तेथील ओंटारियो प्रांतांत केवळ संशोधनासाठीं राखून ठेवलेलीं तळीं आहेत. त्यांपैकीं २६० क्रमांकाच्या तळ्यांत २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे कॅरन किड या संशोधिकेच्या नेतृत्वाखालीं तें गोळींतलें द्रव्य मिसळण्यांत आलें. प्रमाण होतें लिटरास पांच ते सहा नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमाचा अब्जावा भाग. आपल्याकडे उन्हाळ्यांत गांवोगांव फिरणारे दहा हजार लिटरांचे वीस हजार टँकर एकत्र केले आणि त्यांत मिळून एक ग्रॅम पूड टाकली, तर हें प्रमाण साधेल. तेवढ्यानें तळ्यांतील मिनो नांवाच्या लहान माशांचे नर मादीप्रमाणें बलकद्रव्य बनवूं लागले, त्यांच्या वृषणांची वाढ खुंटली, नवीन पिलें येईनाशीं झालीं, आणि पाहतां पाहतां ती जात त्या तळ्यांतून नामशेष होण्याच्या बेतास आली. एकही मासा विष लागून तरंगतांना दिसला नव्हता. द्रव्य मिसळणें बंद केल्यावर कांहीं वर्षांनीं ही जात तेथें पुन्हां सांवरली, हेंही सांगितलें पाहिजे.

सांवरण्याच्या या गोष्टीला मात्र एक मर्यादा आहे, आणि आमच्या विषयाचा गाभा तोच आहे. एका तळ्यांतली जात सांवरते, कारण पुढच्या पिढ्या स्वच्छ पाण्यांत जन्मतात. एकेका माशाचें तसें नसतें. मोठ्या नराला दूषित पाण्यांत ठेवलें, तर त्याच्या रक्तांत बलकद्रव्य येतें. त्याला स्वच्छ पाण्यांत आणलें कीं तें हळूहळू नाहींसें होतें. परंतु रोचचीं अगदीं लहान पिलें अशा पाण्यांत वाढविल्यावर त्यांच्या प्रजननेंद्रियाची नलिकाच मादीच्या धर्तीवर घडली. आणि पुढें पाणी बदललें तरी ती तशीच राहिली. इंग्लंडांतील हा प्रयोग २००१ सालचा. घडून गेलेल्या मडक्यावर पाणी ओतलें तर तें ओलें होऊन वाळतें, पण चाकावरच्या ओल्या मातीला लागलेलें बोट भाजल्यावरही दिसत राहतें, हें कुंभारवाड्यांतून गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

आतां प्राणवायूकडे वळूं. हवेच्या शंभर भागांत सुमारें एकवीस भाग प्राणवायु असतो. पाण्यांत तो फारच थोडा विरघळतो. वीस अंश उष्णतेच्या स्वच्छ पाण्यांत लिटरास नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तीस अंशांस साडेसातच. पाणी जितकें ऊन तितका त्यांत प्राणवायु कमी, आणि ऊन पाण्यांत माशाच्या शरीराला त्याची गरज मात्र अधिक. मोठा मासा गुदमरूं लागला तर दुसरीकडे पोहून जातो, पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतो. अंड्याला यांतलें कांहींच करतां येत नाहीं. आंतल्या गर्भाला कल्लेही नसतात. अंड्याच्या वेष्टनांतून आणि स्वतःच्या कातडींतून जो वायु पाझरेल तेवढ्यावरच त्यानें निभवावयाचें.

या बाबतींतलें पुष्कळसें ज्ञान आपल्याला एका भारतीय माशापासून मिळालें आहे. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे असलेला झेब्रा मासा शहरांतील काचेच्या पेट्यांतून अनेकांनीं पाहिला असेल. हा मूळचा गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील ओढ्यांचा आणि भातखाचरांचा रहिवासी. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं गंगेंतील माशांवरच्या आपल्या १८२२ सालच्या ग्रंथांत त्याचें प्रथम शास्त्रीय वर्णन केलें. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून जगांतील असंख्य प्रयोगशाळांत तो पाळला जातो, कारण त्याचें अंडें कांचेसारखें पारदर्शक असतें. सूक्ष्मदर्शकाखालीं सारा गर्भ घडतांना दिसतो. पहिल्या कांहीं तासांत दर पाव तासास पेशी दुप्पट होतात. एक दिवस उलटतो तों हृदयाचे ठोके चालूं होतात. आणि दोन-तीन दिवसांत पिलूं बाहेर येतें.

या गर्भाचें एक आश्चर्य सांगण्याजोगें आहे. अमेरिकेंतील पॅडिला व रॉथ या दोघां संशोधकांनीं पहिल्या दिवसांतले गर्भ प्राणवायूविरहित पाण्यांत ठेवले. पेशींचें विभाजन थांबलें. ज्यांचें हृदय चालूं झालें होतें त्यांचें हृदयही थांबलें. चोवीस तासांनंतर प्राणवायु देतांच सारें जेथें थांबलें होतें तेथून पुन्हां चालूं झालें. योग्याच्या समाधीची आठवण व्हावी असा हा प्रकार २००१ सालीं प्रसिद्ध झाला. मात्र हेंच सामर्थ्य दोन दिवसांच्या गर्भांत उरलेलें नसतें. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, प्राणवायु मुळींच नसला तर कोवळा गर्भ वाढ थांबवून वाट पाहतो. पण प्राणवायु असावा परंतु अपुरा असावा, आणि ही स्थिति दिवसेंदिवस चालावी, तर वाढ चालूं राहते आणि चुकते. नद्यांत बहुधा आढळते ती ही दुसरी स्थिति.

हाँगकाँगमध्यें शँग आणि रुडॉल्फ वू यांनीं नेमकी हीच स्थिति निर्माण केली. त्यांच्या २००४ सालच्या प्रयोगांत उणिवेच्या पाण्यांतले गर्भ रेंगाळत वाढले आणि व्यंग असलेल्या पिलांचें प्रमाण वाढलें. २००६ सालचा प्रयोग अधिक दूरवरचा आहे. लिटरास ०·८ मिलिग्रॅम प्राणवायु असलेल्या पाण्यांत झेब्रा माशाचीं पिलें अंड्यापासून चार महिने वाढविलीं. नेहमींच्या पाण्यांत शेंकडा सुमारें ६२ नर निपजले होते. येथें शेंकडा ७४ निपजले. नरांची संख्या वाढली म्हणून पेढे वाटण्याचें कारण नाहीं. माशांची पुढची पिढी किती मोठी होणार हें अंड्यांवर, म्हणजे माद्यांच्या संख्येवर, ठरतें.

हें घडतें कसें? झेब्रा माशाच्या प्रत्येक पिलांत प्रथम अंडाशयासारखीच ग्रंथि तयार होते. मागाहून कांहींत ती विरून तिचे वृषण बनतात. ती कोणीकडे वळावयाची हें ठरविण्यांत अरोमाटेज नांवाच्या विकराचा मोठा हात असतो. हें विकर पुरुषजातीय अंतःस्रावाचें रूपांतर स्त्रीजातीय अंतःस्रावांत करतें, आणि अशा एका रूपांतराला प्राणवायूचे तीन रेणु खर्ची पडतात. उणिवेच्या पाण्यांत या विकराची निर्मितीच मंदावलेली आढळली. म्हणजे बाहेरचें कोणतेंही रसायन नसतांना केवळ श्वास अपुरा पडल्यानें अंतःस्रावांचा तोल ढळतो. प्राणवायूची उणीव आणि संप्रेरकांत ढवळाढवळ हीं दोन संकटें वेगवेगळ्या प्रकरणांत मांडण्याची जी वहिवाट होती, ती या प्रयोगांनंतर टिकण्यासारखी राहिली नाहीं.

प्रयोगशाळेंतल्या या गोष्टी समुद्रांत खऱ्या ठरतात काय? मिसिसिपी नदी अमेरिकेच्या शेतांतलीं खतें मेक्सिकोच्या आखातांत आणून ओतते. त्या खतांवर सूक्ष्म शेवाळ माजतें, मरून तळाशीं जातें, कुजतें, आणि कुजतांना तळच्या पाण्यांतला प्राणवायु संपवितें. दर उन्हाळ्यांत तेथें असा निष्प्राण पट्टा पसरतो. २०१७ सालीं तो २२,७२० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या सहापट, मोजला गेला. त्या पट्ट्यांत क्रोकर नांवाचा मासा राहतो. आपल्याकडील घोळ आणि ढोमा ज्या कुळांतले त्याच कुळांतला हा. टेक्सास विद्यापीठाचे पीटर थॉमस व त्यांचे सहकारी रहमान यांनीं २०११ सालीं दाखविलें कीं, त्या भागांतील सुमारें पांचांतल्या एका मादीच्या अंडाशयांत नराच्या बीजपेशी तयार होत होत्या, आणि तेथेंही अरोमाटेज मंदावलेलेंच होतें.

आणखी एक निष्कर्ष वाचून तर आम्ही थबकलों. हाँगकाँगच्याच संशोधकांनीं समुद्री मेडाका नांवाच्या लहान माशांना उणिवेच्या पाण्यांत वाढविलें, पण त्यांचीं मुलें आणि नातवंडें चांगल्या पाण्यांत ठेवलीं. २०१६ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, नातवंडांतील नरांचेंही शुक्रबीज संख्येनें कमी आणि हालचालीला मंद होतें. ज्या पाण्यांत आजा गुदमरला तें पाणी त्या नातवानें पाहिलेंही नव्हतें.

येथें कोणी विचारील कीं, उणीव नरत्वाकडे ओढते आणि सांडपाण्यांतलीं द्रव्यें मादीत्वाकडे ओढतात, तर दोन्ही एकत्र आल्यास तोल साधणार नाहीं काय? शरीर हें वाण्याच्या तराजूसारखें असतें तर साधलाही असता. प्रत्यक्षांत त्यांचें नातें फार गुंतागुंतीचें आहे. प्राणवायु कमी पडला म्हणजे मोठा मासा कल्ल्यांवरून अधिक पाणी खेळवितो, आणि त्याबरोबर पाण्यांतील विषारी द्रव्यांशीं त्याचा संपर्कही वाढतो. शिवाय पेशींत उणिवेची वर्दी देणारें प्रथिन आणि डायॉक्झिनसारख्या विषांची वर्दी देणारें प्रथिन, या दोघांना कामासाठीं एकाच तिसऱ्या प्रथिनाची जोड लागते. एकाच गड्यावर दोन घरचीं कामें पडावीत तशांतला हा प्रकार. तांब्यासंबंधीं एक्झेटर विद्यापीठांत २०१६ सालीं झालेलें काम याहून बोलकें आहे. झेब्रा माशाचे गर्भ अंड्यांत असतांना प्राणवायूची उणीव त्यांना तांब्याच्या विषापासून चक्क वांचविते; तींच पिलें अंड्याबाहेर आल्यावर तीच उणीव तें विष अधिक मारक करते. द्रव्य तेंच, उणीव तीच. फरक काय तो दोन-तीन दिवसांच्या वयाचा. मोठ्या माशांवर एकेका द्रव्याची मात्रा तपासून ठरविलेल्या मर्यादा या दिवसांना कशा लागू पडाव्यात?

उपाय नाहीं असें नाहीं. सांडपाणी नेहमींच्या रीतीनें शुद्ध केल्यावर त्यांत ओझोन सोडला, किंवा तें विशिष्ट प्रकारच्या कोळशांतून नेलें, तर असल्या द्रव्यांचा बराच मोठा भाग नाहींसा होतो. स्वित्झर्लंडनें २०१६ पासून तसा कायदाच केला आहे. सातशेंहून अधिक केंद्रांपैकीं सुमारें शंभर निवडक केंद्रांत ही जादा पायरी २०४० पर्यंत बसवावयाची आहे. खर्च अर्थातच आहे. आणि जेथें साधा मैलाच न धुतां नदींत जातो तेथें ओझोनच्या गोष्टी करणें म्हणजे पाया खणण्यापूर्वीं कळसाला सोनें घेण्यासारखें आहे. आपल्या बहुतेक नद्यांचें पहिलें दुखणें प्राणवायूचेंच आहे.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पाण्याची वर्गवारी आहे. तींत मासे व वन्य जीव यांच्या वाढीस योग्य अशा चौथ्या वर्गाच्या पाण्यांत लिटरास निदान चार मिलिग्रॅम प्राणवायु असावा असें म्हटलें आहे. संप्रेरकांचा तींत निर्देश नाहीं. चार हा आंकडा वाईट नव्हे. प्रश्न आहे तो कोणत्या वेळच्या चाराचा. शेवाळानें भरलेल्या संथ पाण्यांत दिवसा उन्हांत वनस्पति प्राणवायु सोडीत असतात आणि त्याचें मान चढत जातें. रात्रीं त्याच वनस्पति, जंतु आणि मासे सारे मिळून तो घेत राहतात, आणि सूर्योदयाच्या आधीं तें मान सर्वांत खालीं येतें. झेब्रा मासा अंडीं घालतो तो पहिल्या उजेडाबरोबर. पाण्याचा नमुना घेणारा मनुष्य साधारणपणें कचेरी उघडल्यावरच बाटली घेऊन निघावयाचा. आपल्या गांवच्या नदीचा अहवाल कोणा वाचकाच्या हातीं आला, तर प्राणवायूच्या आंकड्याशेजारीं नमुना घेतल्याची वेळ लिहिली आहे किंवा नाहीं, एवढें त्यानें अवश्य पाहावें. दुपारच्या सहा मिलिग्रॅमवरून पहांटेचें मान कळत नाहीं.